जुन्या गाडीचे बॉनेट जुळवताना: चॅसिसपासून लॉकपर्यंत

जुन्या गाडीचे बॉनेट नीट बसत नसले की पहिला संशय बॉनेटवर घेतला जातो आणि बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. गाडीच्या पुढच्या भागाच्या जुळणीत बॉनेट सर्वांत शेवटी बसते. मागे काऊल, म्हणजे समोरच्या काचेखालचा आडवा पत्रा, दोन्ही अंगांना मडगार्ड आणि पुढे रेडिएटरचे कवच किंवा ग्रिल, यांपैकी एखादा भाग दोन-तीन मिलिमीटर जरी सरकला, तरी त्याची चूक बॉनेटच्या कडेला उघडी पडते. डेंटिंगच्या गॅरेजात मात्र बॉनेटच्या एका कोपऱ्याखाली लाकडी ठोकळा ठेवून दुसऱ्या बाजूने अंगाचा भार देण्याची पद्धत आहे. त्याने कोपरा खाली येतो खरा, पण पत्र्यात कायमचा पीळ बसतो आणि मूळ दोष होता तिथेच राहतो. म्हणून इथे सांगितलेली पद्धत खालून वर आणि मागून पुढे जाते: आधी चॅसिस (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) आणि काऊल, मग दारे, मग मडगार्ड व रेडिएटर, त्यानंतर बिजागऱ्या आणि सर्वांत शेवटी लॉक.

मुंबईत जतन केलेल्या जुन्या गाड्यांचे बॉनेटच्या दृष्टीने तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार युद्धपूर्व गाड्यांचा. जनरल मोटर्सने 1928 साली शिवडीला गाड्यांची जोडणी सुरू केल्यामुळे त्या काळातल्या शेवरले इथे आजही भेटतात. त्यांचे बॉनेट मधोमध लांब बिजागरीने जोडलेले असते आणि दोन्ही अंगांनी पंखासारखे उघडते. दुसरा प्रकार मागे काचेजवळ बिजागरी असलेल्या अखंड बॉनेटचा. युद्धानंतरच्या अनेक अमेरिकन गाड्या आणि 2014 पर्यंत बनत राहिलेली अ‍ॅम्बॅसॅडर या प्रकारात येतात. तिसरा प्रकार मद्रासच्या स्टँडर्ड हेरल्डचा, ज्यात मडगार्डांसकट गाडीचे अख्खे नाक पुढे कलते. या लेखात पहिल्या दोन प्रकारांना जागा जास्त लागेल. हेरल्डचे थोडक्यात आटोपते.

जमीन आणि मोजमाप

सोसायटीच्या आवारातली फरशी पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून मुद्दाम उताराची केलेली असते. अशा जागेवर उभ्या असलेल्या गाडीचे मोजमाप फसवे निघते. चारही टायरांतली हवा त्या त्या जोडीत सारखी करावी, गाडी चाकांवरच उभी ठेवावी (जॅकवर उचललेल्या गाडीची चॅसिस किंचित वाकते), आणि गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी पाण्याने भरून चॅसिसच्या डाव्या व उजव्या पट्ट्यांवरचे समोरासमोरचे बिंदू एका पातळीत आहेत का ते पाहावे. एका बाजूची पाटा-स्प्रिंग बसली असेल तर ते इथेच कळते. नुसती स्प्रिंग बसल्याने बॉनेटची फट बिघडत नाही, पण डोळ्यांना गाडी तिरकी दिसते आणि माणूस नको तिथे दुरुस्ती करू लागतो. चाकाखाली फळ्या सारून पातळी आणली की काम सुरू करता येते.

आता बॉनेट बंद करून कडेने मास्किंग टेप लावावी आणि साधारण 15 सेंटिमीटरवर एक खूण करून प्रत्येक खुणेपाशी फटीची रुंदी टेपवरच लिहावी. फट मोजायला वेगळे गेज लागत नाही. 3, 4, 5 आणि 6 मिलिमीटरच्या ड्रिल बिटांच्या मागच्या गोल दांड्या त्या कामाला उत्तम ठरतात. मिस्त्री मंडळी सुतात बोलतात आणि एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे 3 मिलिमीटरहून किंचित जास्त. बोलायला ते ठीक असले, तरी लिहिताना मिलिमीटरच लिहावेत, कारण आपल्याला पकडायचा फरक अर्ध्या सुताहून लहान आहे. फटीच्या जोडीला उंचीही मोजावी: मडगार्डावरून बॉनेटवर पोलादी पट्टी आडवी टेकवून कोणती बाजू किती वर आहे ते प्रत्येक खुणेपाशी नोंदवावे. शेवटी बॉनेट उघडून काऊलच्या डाव्या टोकाच्या बोल्टापासून रेडिएटरच्या चौकटीच्या उजव्या बोल्टापर्यंत आणि त्याच्या उलट, असे दोन्ही कर्ण मोजावेत.

या आकड्यांवरूनच पुढचे काम ठरते. दोन्ही बाजूंच्या फटी समांतर असून एक रुंद व दुसरी अरुंद असेल, तर बॉनेट नुसते बाजूला सरकले आहे. फट पाचरीसारखी पुढे रुंद आणि मागे चिंचोळी होत गेली असेल, तर एकतर बॉनेट फिरले आहे किंवा पुढची चौकट एका बाजूला कलली आहे. यांतले नेमके कोणते ते कर्णांच्या फरकावरून कळते: कर्ण सारखे असतील तर बिजागरी पाहावी, कर्णांत फरक असेल तर बिजागरीला हातही लावू नये. फटी चांगल्या आहेत पण एकच कोपरा वर राहतो, अशी तक्रार असेल तर बफर (बंद बॉनेट ज्यावर टेकते ते रबर), बिजागरीचे पॅकिंग किंवा पत्र्याचा पीळ, असा शोधाचा क्रम ठेवावा.

किती फट चालेल? माझ्या मते पन्नास-साठच्या दशकांतल्या गाडीला 4 ते 5 मिलिमीटरची फट पूर्ण लांबीत एका मिलिमीटरच्या आत सारखी मिळाली, की तिथे थांबावे. आजच्या गाड्यांसारखी 3 मिलिमीटरची फट त्या पत्र्यात काढता येते, पण चॅसिस आणि बॉडी वेगळी असलेली गाडी खड्ड्यांतून जाताना जी हालचाल करते, तिने कडेचा रंग पहिल्याच महिन्यात खरवडला जातो.

चॅसिस, काऊल आणि दारे

बॉडी आणि चॅसिस वेगळी असलेल्या गाडीत त्यांच्यामध्ये रबराची किंवा कॅनव्हास मिसळलेल्या रबराची पॅकिंग असतात. चाळीस-पन्नास वर्षांत ती चपटी होतात, कुठे कुजून नाहीशीही होतात, आणि काऊल एका बाजूने खाली बसते. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत पॅकिंगशेजारचा पत्राही आतून खाल्लेला असतो. 26 जुलै 2005 च्या पुरात उभी राहिलेली गाडी असेल तर तिथे पेचकसाचे टोक टोचून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. पत्रा सडलेला असेल तर आधी तो बदलावा लागेल, कारण कुजक्या आधारावर केलेली जुळणी एका पावसाळ्यातही टिकत नाही.

पॅकिंग बदलताना सगळे बोल्ट एकदम सोडू नयेत. एका वेळी एकाच बाजूचे बोल्ट सैल करावेत, बॉडीच्या मजबूत पट्टीखाली जाड फळी ठेवून जॅकने जेमतेम उचलावे आणि नवे पॅकिंग घालावे. मूळ जाडीचे रबर मिळत नसेल तर कन्व्हेयर बेल्टचे तुकडे कापून तीच जाडी साधता येते. असे रबर आणि हव्या त्या मापाचे जाड वॉशर नागदेवी स्ट्रीटवर शोधावेत. काऊलखालचे पॅकिंग वाढवले की पुढच्या दाराच्या वरच्या बाजूची फट चिंचोळी होते आणि खालची उघडते, कमी केले की उलट घडते. म्हणून प्रत्येक पॅकिंगनंतर दार हळू लावून पाहावे. दार नीट लागते आणि त्याच्या चारही कडांची फट सारखी आहे, याचा अर्थ काऊल आपल्या जागी आले. यापुढे काऊल स्थिर धरायचे आणि बाकी सगळे त्याला जुळवायचे.

इथे एक कायद्याची बाजूही आहे. 2021 सालच्या केंद्रीय नियमांनुसार, पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदणी हवी असेल तर ती मूळ स्वरूपात जपलेली असावी लागते आणि चॅसिस, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठे फेरफार झालेले चालत नाहीत. बॉनेट बसवण्यासाठी काऊलची कड कापण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो या कारणानेही ऐकू नये.

मडगार्ड आणि रेडिएटर

मडगार्ड काऊलला जिथे बोल्टने जोडलेले असते तिथे कारखान्यात घातलेल्या पातळ शिम, म्हणजे अंतर भरून काढणाऱ्या पत्र्याच्या चकत्या, असतात. मडगार्ड काढताना त्या खाली पडतात आणि दुसऱ्या दिवशीच्या झाडलोटीत निघून जातात. प्रत्येक जागेच्या शिम वेगळ्या पिशवीत घालून तिच्यावर जागा लिहून ठेवण्याचे काम मालकाने स्वतः करावे, मिस्त्रीवर सोडू नये.

जुळवताना मडगार्डचे सगळे बोल्ट सैल ठेवून आधी दाराच्या पुढच्या कडेशी त्याची फट आणि पातळी साधावी, तिथला बोल्ट आवळावा आणि मग पुढे सरकावे. दाराजवळच्या वरच्या बोल्टापाशी एक शिम वाढवली की मडगार्डचे मागचे टोक बॉनेटपासून दूर जाते. पुढच्या टोकाची जागा रेडिएटरच्या चौकटीवर अवलंबून असते. ही चौकट चॅसिसच्या आडव्या पट्टीवर पॅकिंग घेऊन बसते आणि तिच्या एका बाजूखाली दोन मिलिमीटरचे पॅकिंग सारले, तर चौकटीचा वरचा भाग विरुद्ध बाजूला कलतो. चौकट जेवढी उंच तेवढा हा कल जास्त जाणवतो, त्यामुळे इथे घाईने जाड पॅकिंग घालण्यापेक्षा अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याचे तुकडे वाढवत जावे आणि दरवेळी कर्ण पुन्हा मोजावेत. जुन्या धडकेत चॅसिसचे टोकच वळलेले असेल, तर कोणत्याही पॅकिंगने कर्ण जुळणार नाहीत. ते काम चॅसिस सरळ करणाऱ्या वर्कशॉपचे आहे.

पंखांचे बॉनेट

युद्धपूर्व गाडीत बॉनेटची खरी चौकट म्हणजे रेडिएटर आणि काऊल यांना जोडणारे ताणाचे दांडे. बहुतेक गाड्यांत त्यांच्या टोकांना आटे असतात आणि नट फिरवून रेडिएटर मागे-पुढे कलवता येतो. कामाची सुरुवात बॉनेट पूर्णपणे काढून करावी. काऊलचा मध्य आणि रेडिएटरच्या कवचाचा मध्य यांवर टेपने खूण करून दोघांमध्ये बारीक दोरी ताणावी; मधली लांब बिजागरी या दोरीवर पडली पाहिजे. मग काऊलच्या कडेपासून रेडिएटरच्या कडेपर्यंतचे अंतर वर, मध्ये आणि खाली, असे दोन्ही अंगांना मोजावे. वरचे अंतर खालच्यापेक्षा जास्त असेल तर दांडे आखूड करायचे, कमी असेल तर लांबवायचे. डाव्या-उजव्या अंतरांत फरक असेल तर एकच दांडा फिरवावा. दोन्ही दांडे फिरवायचे असतील तेव्हा ते थोडे थोडे, आळीपाळीने फिरवणे आवश्यक आहे, कारण एकाच दांड्यावर ताण आला तर रेडिएटरच्या कवचाचा झाळ (सोल्डरचा सांधा) सुटू शकतो.

बॉनेट टेकते तिथे, रेडिएटरच्या कवचावर आणि काऊलच्या ओठावर, विणलेली फीत असते. ती साधारण 3 मिलिमीटर जाडीची असते आणि नेहमी जुळणी संपल्यावर, रंगानंतर लावली जाते. परिणामी फितीशिवाय सुरेख बसलेले बॉनेट फीत लावल्यावर वर उचलले जाते. जुळणीच्या काळात त्याच जाडीची कापडी पट्टी तात्पुरती चिकटवून ठेवावी.

मधली बिजागरी वाकलेली असेल तर तिची लांब सळई काढून सपाट काचेवर फिरवून पाहावी. सळई डगमगली तर नवी घालणे सोपे आणि स्वस्त पडते. बिजागरीचे कानच वाकलेले असतील तर ते एकेक करून सरळ करावे लागतात. बाजूच्या पाकळ्या खाली चॅसिसच्या पत्र्यावर समान टेकत नसतील, तर त्यांच्या हँडलांच्या स्प्रिंगा पाहाव्यात. एक स्प्रिंग ढिली पडली की त्या बाजूचे बॉनेट रस्त्यावर खडखडते आणि मालक उगाच पत्र्यात दोष शोधत राहतो. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॉनेटच्या आतल्या बाजूला क्रमांक ठोकलेला असतो. असे बॉनेट त्या एकाच गाडीवर हाताने जुळवलेले असल्यामुळे कितीही पिचले असले तरी बदलण्यापेक्षा दुरुस्त करावे.

मागच्या बिजागरीचे बॉनेट

पाना हातात घेण्यापूर्वी बिजागऱ्यांना तेल द्यावे. हा सल्ला किरकोळ वाटेल, पण कोरड्या, गंजलेल्या बिजागरीचे बॉनेट पुढून दाबून बंद केले की बिजागरी वळत नाही आणि तिच्याजवळचा पत्रा वळतो. काचेजवळचा कोपरा वर राहण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. गंज सोडवणारे तेल मारून रात्रभर ठेवावे, बॉनेट पंचवीस-तीस वेळा हळू उघड-बंद करावे आणि मगच तक्रार शिल्लक आहे का ते पाहावे. बॉनेट अर्धे उघडून वर-खाली हलवले असता बिजागरीत खुळखुळ जाणवली, तर तिची पिन झिजली आहे. लेथवर थोडी जाड पिन करून भोक रीमरने साफ करून घ्यावे. झिजलेल्या बिजागरीवर केलेली जुळणी दरवेळी नवे माप दाखवते.

आता दोन माणसे लागतील. बोल्ट सोडण्यापूर्वी बिजागरीच्या कडेने पत्र्यावर टोकदार खूण ओढावी, लॉक काढून बाजूला ठेवावे आणि बोल्ट फक्त एवढेच सैल करावेत की बॉनेट हाताने सरकेल पण आपोआप घसरणार नाही. अनेक गाड्यांत बॉनेटकडच्या लांबट भोकांनी पुढे-मागे आणि काऊलकडच्या भोकांनी वर-खाली सरकवता येते. बॉनेट फिरवायचे असेल तर हिशेब सोपा आहे: बिजागऱ्यांमध्ये एक मीटर अंतर आणि बॉनेटची लांबी 1.2 मीटर धरली, तर डावी बिजागरी 1 मिलिमीटर पुढे नेल्यावर नाक सुमारे 1.2 मिलिमीटर उजवीकडे जाते. म्हणजे पुढे दिसणारा मोठा फरक मागे अगदी थोड्या सरकण्याने दुरुस्त होतो. एका वेळी एकाच बिजागरीचे आणि एकाच दिशेचे काम करावे. दोन्ही एकदम सोडल्यास आपण कुठून निघालो तेच कळेनासे होते.

काचेजवळची कड उंचावलेली राहत असेल तर बिजागरी आणि बॉनेट यांच्यामध्ये, पुढच्या बोल्टावर एक पातळ वॉशर घालावा; नाक खाली घेतल्यावर मागची कड दबते. कड खाली बसलेली असेल तर वॉशर मागच्या बोल्टावर जातो. वॉशर एका मिलिमीटरहून जाड लागू लागला, तर थांबून काऊलच्या उंचीकडे पुन्हा पाहावे.

प्रत्येक बदलानंतर बॉनेट पहिल्यांदा खाली आणताना एकाने दोन्ही हातांनी आधार द्यावा आणि दुसऱ्याने कोपऱ्यांवर नजर ठेवावी. काऊलवर आपटलेल्या कोपऱ्याची सुरकुती काढायला जुळणीपेक्षा जास्त वेळ जातो.

हेरल्डच्या बाबतीत सगळे समायोजन पुढच्या नळीदार बिजागरीच्या कंसांत (ब्रॅकेटमध्ये) असते. मागे काऊलवरचे शंकूच्या आकाराचे रबर आणि बाजूची दोन लॉक जागा पक्की करतात. ते रबर दबलेले असले तर कंस हलवण्याआधी ते बदलावे.

पत्र्याचा दोष

एवढे झाल्यावरही एक कोपरा तसाच राहिला, तर मात्र बॉनेटच दोषी. मऊ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक कडेने फिरवावे. जिथे त्याची पकड सुटते तिथे खाली लांबीचा, म्हणजे पुटीचा, थर आहे. अनेकदा रंगलेल्या गाडीत कडेवरचा लांबीचा थरच दोन मिलिमीटर भरतो आणि तो खरवडल्यावर फट आपोआप मिळते. जुन्या सांध्यांत कारखान्याने भरलेले शिसेही असते. ते ग्राइंडरने उडवू नये, कानसीने घासावे आणि मास्क लावावा, कारण त्याची धूळ विषारी आहे.

पीळ असेल तर बॉनेटच्या आतला सांगाडा आणि वरचा पत्रा जिथे जोडलेले आहेत तिथे सुटलेले स्पॉट वेल्ड शोधावेत. सांगाडा सुटला असताना वरून हातोडी मारणे व्यर्थ आहे. पत्रा ताणला जाऊन बाकदार झाला असेल, दाबला की टक्कन आत जाऊन परत बाहेर येत असेल, तर त्याला आकसवावे लागते: नाण्याएवढा ठिपका गॅसने मंद लाल करायचा, खाली डॉली (मागून टेकवायचा लोखंडी ठोकळा) धरून हलकेच ठोकायचे आणि ओल्या फडक्याने थंड करायचे. हे अनुभवी डेंटरचेच काम आहे. बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचे असेल तर ही रीत मुळीच वापरू नये, कारण ते लाल न होताच वितळते.

कडेचीच रुंदी कमी असेल आणि एका बाजूला 8 मिलिमीटरची फट राहत असेल, तर कडेवर 1.5 किंवा 2 मिलिमीटर जाडीची मऊ लोखंडी तार छोट्या टाक्यांनी वेल्ड करून, कानसीने आकार देऊन फट कमी करता येते. लांबीने वाढवलेली कड बॉनेट जोरात बंद होताच तुटते. वेल्डिंग गाडीवर करायचे असेल तर बॅटरीची तार काढावी, आणि कार्ब्युरेटर व पेट्रोलची नळी जवळ असताना ते करूच नये.

दुसरे बॉनेट घ्यायचे असल्यास कुर्ल्याच्या सी. एस. टी. रोडवरच्या जुन्या मालात पाहता येईल. पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची गेली आणि तिचे पत्रे आता दुर्मीळ होत चालले आहेत. टॅक्सीचे बॉनेट घेताना मात्र ते किती वेळा ठोकून सरळ केलेले आहे ते चुंबकाने आणि कडेवरून नजर लावून तपासावे. आपल्या बॉनेटचा बाक पुठ्ठ्यावर कापून सोबत नेला तर दुकानातच जुळवून पाहता येतो.

बफर, लॉक आणि रंग

फटी जुळल्यावर रबरी बफर बसवावेत. नाकाची उंची बफर ठरवतो, लॉक नव्हे. चारही कोपरे लॉकशिवाय मडगार्डच्या पातळीला आले की मग लॉक लावावे आणि त्याची खीळ मध्यभागी, बॉनेटला कोणत्याही बाजूला न ओढता शिरते का ते पाहावे. खिळीच्या टोकाला ग्रीसचा ठिपका लावून बॉनेट हळू बंद केले की ती कुठे घासते ते दिसते. लॉकने ओढून फट जुळवलेली गाडी मी घेणार नाही. तसे बॉनेट सतत ताणाखाली असते आणि खड्ड्यात लॉक सुटण्याचा धोका राहतो.

दुसरी सुरक्षा-कडी वेगळी तपासावी. मुख्य लॉक सोडून बॉनेट वर उचलले असता ते कडीत अडकलेच पाहिजे, आणि कडीची स्प्रिंग बोट काढताच परत आली पाहिजे. मागे बिजागरी असलेले बॉनेट धावत्या गाडीत उघडले तर वाऱ्याने थेट काचेवर येते. ही तपासणी झाल्याशिवाय गाडी ईस्टर्न फ्रीवेवर काढू नये.

सगळी जुळणी कोऱ्या किंवा प्रायमर मारलेल्या पत्र्यावर, रंगाआधी करावी आणि दोन्ही कडांच्या रंगाच्या जाडीसाठी फटीत अर्धा मिलिमीटर जास्त ठेवावा. जुळल्यावर प्रत्येक बिजागरीतून आणि तिच्या मागच्या पत्र्यातून 3 मिलिमीटरचे एक भोक पाडून ठेवले, तर रंगानंतर त्याच भोकात ड्रिल बिट घालून बिजागरी नेमकी जुन्या जागी बसते. पत्र्याचे काम नोव्हेंबर ते मे या काळात उरकावे. जूननंतर उघडा पत्रा मुंबईत एका रात्रीत लालसर होतो.

गाडी रस्त्यावर आल्यावर पहिल्या शे-दोनशे किलोमीटरनंतर बॉडीच्या पॅकिंगचे बोल्ट पुन्हा आवळावेत, कारण नवे रबर दबते. त्याच वेळी काऊलजवळच्या दोन्ही कोपऱ्यांत रंग घासल्याची खूण दिसते का ते पाहावे. दिसलीच, तर त्या बाजूच्या बिजागरीला अर्धा मिलिमीटर पुढे सरकवून नाकाची फट पुन्हा मोजावी.